आपासाठी आडवी जागा

विमानाची जागा काढण्यात माझा हात धरणारं अकोल्यात कोणी नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. पैसे मोजून तिकीट कोणीही काढतं, त्याला काय अक्कल लागते? मी म्हणते ते मैलांवरचं तिकीट. आपण जितका विमानप्रवास करू त्याप्रमाणे कंपनी आपल्या खात्यात मैल जमा करते. ते साठवायचे, आणि पुरेसे झाले की ते देऊन विमानाच्या नाकापाशी, पडद्याच्या पुढे, पहिल्या वर्गाची जागा घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण तशा जागा कंपनी मोजून एक किंवा दोन सोडते, आणि त्या कधी सोडते हे कोणाला सांगत नाही. ते मला कळायचं. पुण्या-मुंबईची माणसं मला फोन करून विचारायची, आणि मी थोडा भाव खाऊन सांगायचे.

हे मैल माझ्याकडे आले कसे, ते सांगायची जरा लाज वाटते. मी अकोल्यात एका महाविद्यालयात शेतीचं अर्थशास्त्र शिकवायचे. अभ्यासाचा विषय कापूस. ज्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात येऊ लागलं आणि पांढऱ्या गाड्यांतून समित्या फिरू लागल्या, त्या वर्षांत जगाला एकदम कापसावर बोलणारं माणूस हवंसं झालं. माझं इंग्रजी बरं होतं, आकडे तोंडपाठ होते, आणि मी मूळची अमरावतीची, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘तिथली’. मग काय, रोम झालं, जिनिव्हा झालं, ब्राझील झालं. दर तीन-चार महिन्यांनी कुठल्या तरी थंडगार सभागृहात मी आमच्याकडच्या शेतीचे तक्ते दाखवायचे. लोक गंभीर चेहऱ्याने ऐकायचे आणि मग जेवायला उठायचे. घरी परतेपर्यंत खात्यात मैल पडलेले असायचे. इकडची परिस्थिती जितकी बिघडे तितकी मला बोलावणी जास्त, आणि बोलावणी जास्त तितके मैल जास्त. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि मी जातही होते.

क्रेडिट कार्डाचेही गुण मिळायचे, त्यांचेही मैल होत. पण अकोल्यात तेव्हा कार्ड चालायचं पेट्रोल पंपावर आणि एक-दोन सोनारांकडे. म्हणून ओळखीत कोणाचं लग्न निघालं की मी सोनाराच्या दुकानात हजर. बिल माझ्या कार्डावर, त्यांनी मला रोख द्यायचे. लोकांना वाटायचं, बाई किती प्रेमाची, सोनं घ्यायला सोबत येते. माझं लक्ष मंगळसूत्रावर नसायचंच.

मी जिथे राहायचे त्याच्या खाली गाद्यांचं दुकान होतं. ते आपाचं. आपा म्हणजे मोठी बहीण. मुसलमान घरातला शब्द, पण आमची अख्खी गल्लीच तिला आपा म्हणायची. दुकान मुळात तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर कापूस पिंजायचं यंत्र, सुया, दोरे आणि कटकट करणारी गिऱ्हाइकं, सगळं तिने एकटीने उचललं. अकोटच्या जिनिंगमधून सरकी काढलेल्या रुईची गठडी यायची. ती पिंजून, खोळीत भरून, हातभर लांब सुईने टाके घालून आपा अशी गादी तयार करायची की तिच्यावर झोपलेला पाहुणा चार दिवस जास्त राहायचा. पूर्वी मुलीचं लग्न ठरलं की लोक आधी सोनाराकडे जात आणि मग आपाकडे येत. त्या वर्षांत लग्नं पुढच्या साली ढकलली जाऊ लागली, किंवा सामूहिक विवाहात उरकली जाऊ लागली, आणि ज्यांना परवडे ते फोमच्या गाद्या घेऊ लागले. फोमचं नाव काढलं की आपाचा पारा चढायचा. “फोमवर झोपलेला माणूस सकाळी भांडतच उठते,” ती म्हणायची.

माझ्या परदेशवाऱ्यांबद्दल तिचं एकदाच बोलणं झालं. मी बॅग घेऊन जिना उतरत होते.

“मॅडमबाई, तुमी तिकडे जाऊन काय सांगता?”

“कापूस काहून परवडत नाई ते सांगतो.”

“ते तं इथं शेंबड्या पोरालेई माहीत हाये. ते सांगाले विमान कायले लागते?”

तिचं म्हणणं खरं होतं. विमान मात्र मी चुकवलं नाही.

तीस वर्षं जमिनीवर वाकून टाके घातल्याने आपाच्या पाठीचं व्हायचं ते झालंच. नागपुरात मोठं ऑपरेशन होऊन तिच्या कण्यात सळया बसवल्या. डॉक्टरांनी सांगितलं, उभ्या राहा, चाला, आडव्या व्हा, पण बसायचं नाही. फार तर अर्धा तास, तेही क्वचित. तेव्हापासून दुकानाच्या दाराशी दिवाण टाकून, स्वतःच भरलेल्या गादीवर आडवी पडून आपा कामगारांवर हुकूम सोडायची. गिऱ्हाईक आलं की उभी राहायची, गेलं की आडवी. आम्ही तिला चिडवायचो की तुमचा थाट नवाबाचा झाला.

तिला एकच मुलगी. लग्न होऊन अमेरिकेत गेलेली, न्यूयॉर्कच्या जवळ. आपा नागपुरात ऑपरेशन होऊन पडलेली होती तेव्हा तिकडे या मुलीचे दिवस भरत आले होते, आणि नवव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. आईची पाठ ताजी म्हणून तिने आठ दिवस कळवलंच नाही. आठ दिवस ती आईशी फोनवर रोज हवापाण्याचं बोलत होती. आपाने हे मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, “पोरगी मले विचारे, अम्मी, जेवली का? अन् तिचं स्वतःचं काय झालं होतं, पाहा.”

दोन वर्षांनी मुलीला पुन्हा दिवस गेले. तिकडच्या डॉक्टरांनी वेळेआधीच पोट उघडून बाळ काढायचं ठरवलं आणि तारीख दिली. मुलगी म्हणाली, अम्मी, तुम्ही येऊ नका, तुमची पाठ आधी. त्या दिवशी आपा जिना चढून वर आली. ती कधी वर येत नसे. खुर्ची दिली, बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

“मॅडमबाई, ते तुमचे मैल मैल हाये ना. त्याच्यात झोपून जाता येते का?”

आयुष्यात मला खूप लोकांनी मैलांबद्दल विचारलं, पण इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मागच्या जागांवर सोळा तास बसून जाणं आपाला शक्यच नव्हतं. मधला जो वर्ग असतो, त्यात तेव्हा बहुतेक विमानांत खुर्ची लांब व्हायची, पण उतरतीवर. माणूस सारखा पायाकडे घसरायचा. सळया घातलेल्या कण्याला ते चालणारं नव्हतं. खरोखर पलंगासारखी सपाट होणारी जागा फक्त पहिल्या वर्गात. विमान चढताना आणि उतरताना बसावं लागे, ते अर्ध्या तासात निभावलं असतं. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आडव्या जाणार असतील तर जाऊ द्या, नाहीतर नाही.

“येते,” मी आपाला म्हटलं. “मी काढून देतो तुमाले जागा.” इतक्या खात्रीने म्हटलं की आपाने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. खाली जाऊन तिने बाळासाठी छोटी गादी भरायला घेतली.

आता ते मैल मी कशासाठी ठेवले होते, तेही सांगते. माझे वडील अमरावतीला असतात. एस.टी.त कंडक्टर होते. अमरावती ते चांदूर बाजार, अमरावती ते अकोट, उभी हयात त्यांनी भरलेल्या गाडीत उभ्याने काढली. त्यांना एकदा विमानात सगळ्यात पुढच्या जागेवर बसवायचं आणि शेजारी आपण बसायचं, असं मी मनाशी धरलं होतं. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “विमानात कंडक्टर असते का? नसन तं तिकीट कोण पाहते?” आम्हा दोघांना जेमतेम पुरतील इतके मैल झाले होते. आपा एकटी, म्हणजे निम्मे जाणार. उरलेले निम्मे पुन्हा भरून काढू, कापसाचं रडगाणं काही इतक्यात थांबत नाही, असा मी विचार केला. तो विचार आता आठवला की स्वतःचाच राग येतो.

अडचण होती व्हिसाची. मुंबईला जाऊन आपा मुलाखत देऊन आली, रांगेत उभ्याने आणि रेल्वेत आडवी. पण पासपोर्ट परत कधी हातात पडेल ते नक्की नव्हतं, आणि पासपोर्टाशिवाय तिकीट पक्कं करणं धोक्याचं. सुदैवाने त्या विमान कंपनीत एक सोय होती. फोनवर जागा धरून ठेवता यायची, मैल मागाहून दिले तरी चालायचे.

जागा धरणं! वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्या बसस्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून दस्ती आत पडते. रुमालाला आम्ही दस्ती म्हणतो. दस्ती पडली की ती जागा तुमची, मग तुम्ही दारातून सावकाश लोटालोटी करत या. आणि शहाणा माणूस एकाच जागेवर भरवसा ठेवत नाही. एकीकडे दस्ती टाकतो, दुसरीकडे पिशवी, तिसरीकडे टोपी, आणि चढल्यावर खिडकीची पाहून बसतो.

मीही तेच केलं. रोज पहाटे साडेपाचला कंपनीच्या नव्या जागा दिसायच्या आणि सहाला आमची वीज जायची. या अर्ध्या तासात मी तीन वेगवेगळ्या सकाळी, तीन वेगवेगळ्या माणसांशी फोनवर बोलून, आपाच्या नावावर तीन जागा धरल्या. एक सोमवारची थेट न्यूयॉर्कची, एक बुधवारची युरोपातून जाणारी, एक शुक्रवारची पुन्हा थेट. पासपोर्ट कधीही येवो, एक तरी गाडी सापडणारच. एका माणसाला दुसरी जागा कळू दिली नाही, याचंही मला कौतुक वाटलं. त्या दिवशी वर्गात मी इतकी खुशीत होते की मुलांनी विचारलं, मॅडम, पगारवाढ झाली का?

पासपोर्ट शनिवारी आला. शिक्का होता. मी संगणक उघडला आणि सोमवारची जागा पक्की करायला गेले, तर ती नव्हती. बुधवारची पाहिली, नव्हती. शुक्रवारचीही नव्हती. आपाचं नावच कुठे दिसत नव्हतं.

फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की एकाच प्रवाशाच्या नावाने एका आठवड्यात तीन जागा दिसल्यामुळे त्यांच्या यंत्रणेने तीनही काढून टाकल्या. माणूस एकच असल्यामुळे तीन ठिकाणी प्रवास करणार नाही, असं यंत्रणा धरते. आणि त्या जागा? त्या आता पैसे देऊन घेणाऱ्यांसाठी खुल्या झाल्या आहेत, मैलांवर नाहीत. मी तिला म्हटलं, नियम कुठे लिहिलाय तो दाखवा. तिने दाखवला. तो मी शंभरदा वाचलेल्या पानावरच होता. मग मी तिला इंग्रजीत बरंच काही बोलले. एवढ्या परिषदांत कमावलेलं सगळं इंग्रजी मी त्या बाईवर खर्च केलं, आणि तिने फोन ठेवला नाही हे तिचं मोठेपण. जागा मात्र मिळाली नाही.

बाळाची तारीख त्याच्या पुढच्या मंगळवारी होती. दहा दिवस.

आपाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. खाली ती बाळाच्या गादीला निळी किनार लावून घेत होती. मला पाहून म्हणाली, “जमलं ना?” मी म्हटलं, “जमून राहिलं.” खोटं बोलले. रविवारी सकाळी पहिली एस.टी. धरून मूर्तिजापूरमार्गे अमरावती गाठली, कारण मला कोणाजवळ तरी चिडायचं होतं, आणि वडिलांजवळ चिडलेलं चालतं.

वडील अंगणात दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. कंपनी कशी मूर्ख, यंत्रणा कशी आंधळी, बाई कशी दगड. त्यांनी ब्लेड पुसलं.

“तीन जागा धरल्या तू?”

“हो.”

“एका बाईसाठी?”

“पासपोर्टाचं नक्की नव्हतं म्हणून.”

“माह्या गाडीत कोणी तीन जागेवर तीन दस्त्या टाकल्या तं मी काय करत होतो, माहीत हाये का तुले? तिन्ही उचलून ड्रायव्हरच्या मांगं फेकत होतो. बूड एक, जागा एक. बाकीचे माणसं काय लटकून येतीन?”

मला इतका राग आला की मी आत जाऊन पाणी प्यायले. राग त्यांचा नव्हता. तीन जागा अडवताना त्या तीन विमानांत आणखी कोणाची पाठ दुखत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी फक्त माझी हुशारी पाहत होते. बाहेर येऊन विचारलं, “मंग तो माणूस काय करे?”

“बहुतेक भांडत. परतवाड्यापर्यंत भांडत. मी ऐकतच नव्हतो. पण एखादा येऊन सांगे, मास्तर, चुकलं माहं, बायको बाळंतीण हाये, उभी राहू शकत नाई. त्याच्या बायकोले मी माही सीट देत होतो. कंडक्टरची.” त्यांनी तोंड धुतलं. “तू भांडली असशीन.”

“भांडली.”

“आता दुसऱ्यांदा फोन कर. अन् भांडू नको.”

त्यांच्याच फोनवरून लावला. या वेळी दुसरी बाई होती. मी तिला सांगितलं, चूक माझी आहे, तीन जागा मी मुद्दाम अडवल्या. का अडवल्या ते सांगितलं. आपाची पाठ सांगितली, आधीचं मूल सांगितलं, मंगळवार सांगितला. असं सरळ, काही न लपवता मागण्याची मला सवय नव्हती. त्या बाईने थांबायला सांगितलं. वडील खाटेवर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते.

ती परत आली. स्वस्त दराची एकही जागा शिल्लक नाही, म्हणाली, पण दुप्पट मैलांच्या दराने शुक्रवारच्या थेट विमानात पहिल्या वर्गाची एक जागा, परतीसकट, देता येते. घ्यायची तर आत्ता.

मी फोनवर हात ठेवला. “बाबा, दुप्पट मागून राहिले. सगळे जातीन. आपल्या दोघायचेई.”

“मंग इचारतं काय? माही जागा दे तिले. तशीई मले बसून जायाची सवय नाई.”

मी तेव्हा उदार वगैरे झाले नव्हते. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. इतक्या वर्षांची रास एका मिनिटात जाणार होती आणि वडिलांचं वय वाढतच होतं. पण ते खाटेवर इतके निवांत बसले होते की मला रडताही येईना. मी त्या बाईला हो म्हटलं. तिने आपाचं नाव एकदाच विचारलं आणि एकदाच लिहिलं.

अकोल्याला परतून आपाला सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. ती दिवाणावर आडवी होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण तीन काहून धरल्या? मी काय तीन बाया हावो?” मग दिवाणावरून उठत, “तुमच्या बाबाले माहा सलाम सांगजा.”

मुंबईपर्यंत मी सोबत गेले. रेल्वेत खालची बर्थ होती, आपा आडवीच आली. विमानतळावर चाकाची खुर्ची घेऊन एक माणूस धावत आला, तर आपाने त्याला हात जोडले. बसायचंच नसलेल्या बाईला सगळं जग बसायला सांगत होतं. एका हातात बाळाची गादी, दुसऱ्यात पासपोर्ट, ताठ कण्याने ती आत चालत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं होतं, पाहील.

दुसऱ्या दिवशी पोचल्याचा फोन आला. माझ्या जिवात जीव आला आणि लगेच माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. जागा कशी होती? सपाट झाली का?

“झाली. पण ते विमानातली पोरगी आली अन् म्हणे, अंथरूण घालून देतो. चादर अशी टाकली तिनं, सगळ्या सुरकुत्या. मी म्हटलं, सरक बेटा, तुले नाई येणार. मीच घातलं. मंग बाजूच्या साहेबाचंई घालून देलं. कोपरा कसा खोचाचा ते तिले दोनदा दाखवलं.”

“अन् गादी?”

“पातळ हाये. आत फोम.” मग म्हणाली, “पण झोप लागली. मॅडमबाई, ऑपरेशन झाल्यापासून मी इतकी कधी झोपली नव्हती.”

माझा आनंद पोटात माईना. त्या दोन-तीन दिवसांत मी भेटेल त्याला सांगत सुटले की आमची आपा पहिल्या वर्गातून गेली. समोरचा कापसाच्या भावाचं बोलत असला तरी मी विमानावर आणायचे. वडिलांना तर फोनवर जागेचा नंबरसुद्धा सांगितला. ते म्हणाले, “खिडकीची होती का?”

मग मंगळवार आला. त्या दिवशी माझे दोन तास होते. एकात मी काय शिकवलं ते मुलांनाच ठाऊक. घरी येऊन फोनपाशी बसले. तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. खाली दुकान बंद झालं, कामगार जिन्यावर येऊन विचारून गेले, “फोन आला का?” मी नाही म्हटलं. मी देवाला फारसं काही मागत नाही. त्या संध्याकाळी मागितलं, आणि आपाच्या देवालाही मागितलं, कारण त्याला हे प्रकरण आधीपासून माहीत होतं.

फोन वाजला, मी लगेच उचलला. मागून एक आवाज येत होता. बारीक, चिरका, थांबत नसलेला.

“ऐकली का?” आपा म्हणाली. “पोरगी हाये. रडून राहिली. चांगली मोठ्यानं रडून राहिली.”

“अन् तुमची पोरगी?”

“बरी हाये. झोपली. माहा हात धरून झोपली, सोडतच नाई.”

मी डोळे पुसले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपाचा आवाज झोपून बोलणाऱ्या माणसासारखा नाही, आणि उभ्या असलेल्या माणसासारखाही नाही.

“आपा, तुमी बसून हावो का?”

“हो.”

“कधीपासून?”

“तिले ऑपरेशनातून बाहेर आणलं तवापासून. चार तास झाले असतीन.”

मी भडकले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. डॉक्टर काय म्हणाले होते, सळया सरकल्या तर काय होईल, सोळा तास आडवं नेण्यासाठी मी काय काय केलं, सगळं ऐकवलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उठा, हात सोडवा, ती झोपलेली आहे, तिला कळणारही नाही. पलीकडे आपा ऐकत होती आणि मागे ते बाळ रडत होतं.

माझं संपल्यावर ती हळूच, मुलगी जागी होऊ नये अशा बेताने, म्हणाली, “मॅडमबाई, चिडू नका. मी इतक्या दूर बसालेच तं आली.”